हत्यार आहे का?

काकूंना चाकू कशाला लागतो, असं कुणी विचारलं की काकू आधी त्या माणसाला खालपासून वरपर्यंत न्याहाळत आणि मग उलट विचारत, "तुम्हाला दात कशाला लागतात?" शहाणा माणूस इथे गप्प बसे. नाही बसला, तर काकू सुरू होत. फळाला लागतो. पेन्सिलीला लागतो. औषधाच्या बाटलीचं झाकण हटून बसतं तेव्हा लागतो. नव्या कपड्याच्या गळ्याशी टोचणारी ती चिठ्ठी उसवायला लागतो. बसच्या खिडकीची काच अडकली की फटीत घालून सैल करायला लागतो. एकदा रस्त्यावरच्या कुत्र्याच्या गळ्यात रुतलेली सुतळी कापायला लागला होता. सुटल्या सुटल्या तो मेला काकूंनाच चावला, पण उद्या पुन्हा कुणाच्या गळ्यात सुतळी दिसली तर काकू कापणारच, म्हणून लागतो. ऐकणारा थकून जाई, कारणं काही संपत नसत.

आणि चाकू तरी केवढा? मिटला की मुठीत दिसेनासा होणारा, लाकडी मुठीचा, धार लावून लावून पातं निम्म्यावर आलेलं. तो ठेवायला काकूंनी आपल्या झाडून सगळ्या कपड्यांना आतून खिसा शिवून घेतला होता, अगदी ठेवणीतल्यांनासुद्धा. मुलगी शाळेत होती तेव्हा तिच्या मैत्रिणींनी त्यांचं नाव 'चाकूकाकू' पाडलं. काकूंना ते इतकं आवडलं की चिडवण्यातली सगळी मजाच गेली.

काकू एका मोठ्या रुग्णालयाच्या शिवणखोलीत होत्या. ही खोली तळघरात, धुलाईखान्याला चिकटून. भिंतीतून वाफेचे नळ गेलेले, त्यामुळे बारा महिने उकाडा. वरच्या मजल्यांवर डॉक्टर माणसांना टाके घालत आणि खाली काकू चादरींना, उशांच्या अभ्र्यांना, खाटांमधल्या पडद्यांना. "माझे टाके काढायला कुणाला परत यावं लागत नाही," असं त्या डॉक्टरांना तोंडावर ऐकवत. शिवणखोलीला रुग्णालयाकडून एक कात्री मिळाली होती. ती हरवू नये म्हणून कुणा हुशार माणसानं तिला साखळी लावून टेबलाला जखडून टाकली होती. आता शिडीवर चढून पडद्याची दोरी कापायची, तर टेबल डोक्यावर घेऊन चढायचं का? मग चाकू. जुनी शिवण उसवायची, चाकू. यंत्राच्या चाकात गुंतलेला दोरा, चाकू. निम्मं काम त्या अर्ध्या पात्यावर चाले.

एक कारण मात्र काकू कुणाला सांगत नसत. लग्न होऊन त्या नव्यानं सासरी आल्या होत्या. घरात आलेलं कुठलंही पार्सल थोरल्या दिरांनीच उघडायचं, असा तिथला दंडक. एकदा काकूंच्या आईनं पेटी पाठवली. परसातल्या झाडाची फळं होती, वासावरूनच कळत होतं. थोरले दीर परगावी गेलेले. काकूंनी दोरी कापायला सुरी घेतली, तर सासूबाई म्हणाल्या, "ठेव ती खाली. तो आला की उघडेल." काकूंनी नवऱ्याकडे पाहिलं. तो मूग गिळून बसला होता. पेटीखालून रस गळायला लागला, मुंग्या लागल्या, तरी पेटी कोपऱ्यात बांधलेलीच. दीर आले, त्यांनी पेटी उघडली आणि नाकाला रुमाल लावून म्हणाले, "टाकून दे." आईनं एकेक करून कागदात गुंडाळलेली ती फळं काकूंनी स्वतःच्या हातांनी उकिरड्यावर टाकली. त्यानंतर बाजारात गेल्या तेव्हा त्यांनी हा चाकू घेतला, आणि आपल्या वस्तूची गाठ सोडायला पुन्हा कधी कुणाची वाट पाहिली नाही.

तर अशा बाईपुढे रुग्णालयाचा नवा नियम येऊन उभा राहिला.

झालं असं, की एका रुग्णाच्या भावानं भांडणात सुरा काढला. कुणाला लागलं नाही, पण वरच्यांच्या तोंडचं पाणी पळालं. फाटकावर नवा रखवालदार आला. तरतरीत, इस्त्रीचा, नियमाचा पक्का. आत जाणाऱ्या प्रत्येकाला तो एकच विचारायचा, "हत्यार आहे का?"

पहिल्याच सकाळी रांगेत काकूंच्या पुढे रुग्णालयाचा सुतार होता. "आहेत की," तो म्हणाला आणि त्यानं पिशवी उघडली. पटाशी, करवत, हातोडा. रखवालदारानं त्याच्या छातीवरचा पिवळा बिल्ला पाहिला. "कारागीर. जा."

मग काकू. "हत्यार आहे का?"

"आहे की," काकू म्हणाल्या आणि त्यांनी चाकू काढून दाखवला.

त्यांचा बिल्ला पांढरा होता. पांढरा म्हणजे मदतनीस. शिवणखोलीतल्या बाया मदतनीस, असं कोणे एके काळी कुणीतरी ठरवलं होतं. कुणाला मदत करतात, हे मात्र ठरवायचं राहून गेलं होतं.

"मदतनिसांना हत्यार चालत नाही," रखवालदार म्हणाला.

"मग उसवू कशानं? दातांनी?"

आता हा घोळ आपल्या भाषेचा. सुताराच्या, गवंड्याच्या, शिंप्याच्या तोंडी हत्यार म्हणजे हातातलं पोटाचं साधन. तोच शब्द पहारेकऱ्याच्या तोंडी आला की त्याला रक्त दिसायला लागतं. काकूंनी पहिल्या अर्थानं उत्तर दिलं आणि रखवालदारानं दुसऱ्या अर्थानं वर कळवलं, की शिवणखोलीतल्या बाईनं हत्यार बाळगल्याचं कबूल केलं आहे. दुपारच्या आत काकू व्यवस्थापक साहेबांसमोर उभ्या होत्या.

साहेब माणूस वाईट नव्हते, हीच तर अडचण. वाईट माणसाशी भांडायला सोपं जातं. त्यांनी काकूंना बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि समजुतीनं म्हणाले, "काकू, एवढंच सांगा की ते हत्यार नाही. फळं कापायचा साधा चाकू आहे. चाकूही तुमच्याकडे राहील, नोकरीही राहील. मला कुणालाच काढायचं नाहीये हो."

"सुताराच्या पिशवीत काय आहे?"

"हत्यारं."

"नळवाल्याच्या?"

"हत्यारंच. पण काकू, ते कारागीर आहेत."

"आणि मी तळघरात बसून फळं कापते?"

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. शब्दात काय आहे, ते म्हणाले. शब्दात काही नसेल तर तुमचाच बदला, काकू म्हणाल्या. शेवटी साहेबांनी सांगितलं, की असं असेल तर निर्णय होईपर्यंत कामावर येऊ नका, आणि निर्णय काय होईल ते तुम्हालाही ठाऊक आहे.

ठाऊक होतंच. घर काकूंच्या पगारावर चालत होतं. नवऱ्याचं घड्याळदुरुस्तीचं काम दृष्टी अधू झाली तसं सुटलं होतं. मुलगी दुकानात उभी राहून जे मिळवायची ते तिच्या जाण्यायेण्यात आणि शिकण्यातच संपायचं. त्या संध्याकाळी मुलीनं सगळं ऐकून कपाळाला हात लावला.

"आई, एका शब्दासाठी? म्हण ना, नाही हत्यार. तुझ्या जिभेला काय काटे टोचणार आहेत?"

"टोचणार आहेत."

"अगं, चाकू तुझ्याकडेच राहतोय!"

"चाकू राहतोय गं, मी नाही राहत. सुतार दार दुरुस्त करतो तो कारागीर आणि मी त्याच दाराचा पडदा शिवते ती कोण? इतकी वर्षं पांढरा बिल्ला लावला, कुणी विचारलं नाही, मीही बोलले नाही. आता विचारलंय, तर मी खोटं सांगू?"

नवरा हळूच म्हणाला, "म्हणून टाक ना. काय बिघडतं?"

काकू त्याच्याकडे वळल्या. "तुम्ही पेटीच्या वेळी गप्प होतात. आत्ताही तेवढं जमवा."

तो बिचारा खरंच गप्प झाला. काकूंना बोलल्याचं वाईट वाटलं. पण शब्द काही मागे घेतला नाही.

मग मुलीनं आईला न सांगता साहेबांना गाठलं. आई हट्टी आहे, पण तिला म्हणायचं तेच आहे, फळं कापायचाच चाकू आहे तो, असं सांगून रडली. साहेब अशा वाटेची वाटच पाहत होते. काकूंना निरोप आला, की उद्यापासून या.

सकाळी काकू रांगेत लागल्या. त्यांची पाळी आली, तर रखवालदारानं काही न विचारता हात हलवला. "जा काकू. साहेबांनी सांगितलंय, ते हत्यार नाही. फळांचा चाकू आहे."

"हे कुणी सांगितलं त्यांना?"

"तुमच्या मुलीनं म्हणे."

काकूंना राग आला. पोरीनं जिवाच्या आकांतानं केलं होतं, त्यांना कळत होतं. परक्यानं केलं असतं तर एका वाक्यात त्याचा निकाल लावला असता. हे आपल्याच माणसाचं होतं, म्हणून जास्त झोंबलं. फाटक उघडं होतं. नोकरी चार पावलांवर होती, चाकू खिशात होता. नुसतं चालत जायचं होतं.

काकू जागच्या हलल्या नाहीत.

"विचारा मला," त्या म्हणाल्या.

"काय विचारू?"

"सगळ्यांना विचारता ते."

"अहो, जा ना आत. मागे रांग लागलीये."

"लागू दे. विचारा."

मागे परिचारिका होत्या, स्वयंपाकघरातले लोक होते, डबे घेऊन आलेले नातेवाईक होते. कुणी चुळबुळायला लागलं, कुणी म्हातारीला वेड लागलंय म्हणालं. सुतार मात्र पिशवी खाली ठेवून आरामात उभा राहिला. शेवटी रखवालदारानं हात टेकले. "हत्यार आहे का?"

"आहे," काकू खणखणीत म्हणाल्या आणि चाकू उघडून तळहातावर धरला.

रखवालदाराची पंचाईत झाली. फळांचा चाकू सोडा, असा हुकूम होता. हत्यार सोडा, असा नव्हता. त्यानं काकूंना ना बाजूला केलं, ना आत सोडलं. साहेबांना बोलावणं पाठवलं.

साहेब आले ते चिडूनच. काकू नव्हत्या तेवढ्या दिवसांत तळघरात फाटक्या चादरींचा ढीग छतापर्यंत गेला होता. शस्त्रक्रियेच्या चादरी अडल्या म्हणून वरून दोनदा ओरड झाली होती. "आता काय पाहिजे तुम्हाला?" ते म्हणाले. "चाकू दिला, काम दिलं. मी माझ्या परीनं..."

"तुम्ही चांगलेच वागलात," काकू म्हणाल्या. "पण दया नको. सुताराला दिलंय ते द्या."

साहेबांनी रांगेकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि हात झटकला. "सोडा हो त्यांना आत."

रखवालदार ताठ उभा राहिला. तो नियमाचा पक्का होता, आणि त्याचं खरोखरच अडलं होतं.

"काय म्हणून सोडू, साहेब?"

साहेब बोलायला गेले आणि थांबले. मदतनीस म्हणावं तर हत्यार अडत होतं. पाहुणी म्हणावं तरी अडत होतं. हत्यार घेऊन आत जायला त्या फाटकावर एकच शब्द चालत होता. साहेबांनी तो खाली मान घालून, जवळजवळ स्वतःशीच उच्चारला.

"कारागीर म्हणून."

"मोठ्यानं सांगा," काकू म्हणाल्या. "मागच्यांना ऐकू गेलं नाही."

साहेबांनी मान वर केली. क्षणभर वाटलं, आता हे भडकणार. मग त्यांनी घसा साफ केला आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं म्हटलं, "कारागीर म्हणून सोडा त्यांना. हत्यारासकट."

तेव्हा कुठे काकू आत गेल्या.