आवाजाची मुदत

ऑफिसात त्याला सगळे झाडूवाला म्हणायचे आणि त्याला त्याचा रागही यायचा नाही. कामच तसं होतं. घशाच्या ऑपरेशनमध्ये ज्यांचा आवाज जाणार, त्यांचा आवाज आम्ही आधी रेकॉर्ड करून ठेवतो. जखम भरली की त्यावरून त्यांच्याच आवाजात बोलणारं यंत्र तयार होतं. ही रेकॉर्डिंग तीन शहरांतल्या मशीनवर राहतात आणि एकशे ऐंशी दिवसांनी आपोआप पुसली जातात. ती मुदत घालणारा हाच. बॅकअपसुद्धा आठवड्यात साफ झालेच पाहिजेत, हा हट्टही त्याचाच. मी त्यावरून भांडले होते, पण हा पठ्ठ्या ऐकेल तर शपथ.

मग त्याच्याच बायकोच्या घशात गाठ निघाली. आमच्याच स्टुडिओत ती चाळीस मिनिटं वाचत बसली. ऑपरेशन नीट झालं, पण जखम चिघळली आणि यंत्राचं काम लांबत गेलं. मुदत संपत आल्याचं त्याच्या लक्षात होतं. त्याने रीतसर परवानगी काढली, रेकॉर्डिंगच्या नोंदी ज्या टेबलमध्ये, म्हणजे मशीनवरच्या तक्त्यात, असतात त्याची मुदत दोन वर्षांची केली आणि तो एका ओळीचा बदल तपासायला माझ्याकडे पाठवला. मी चहा पिता पिता बघितला आणि 'ठीक आहे' लिहून मोकळी झाले.

डोंबलाचं ठीक. टेबलची मुदत बदलली की ती पुढच्या नोंदींना लागते. आधीच्या नोंदींवर लिहितानाच पुसायची तारीख बसलेली असते. ती बदलायची तर नोंद पुन्हा लिहावी लागते. हे मला नोकरीच्या पहिल्या आठवड्यात त्यानेच शिकवलं होतं. दोघांनाही पाठ होतं आणि दोघांनीही माती खाल्ली.

घरी जाऊन तो तिला म्हणाला होता, "आता दोन वर्षं निवांत. तुझ्या आवाजाला कुणी हात लावत नाही."

डॉक्टरांनी यंत्राला होकार दिला, तेव्हा जुनी मुदत उलटून अठरा दिवस झाले होते. त्याने तिन्ही मशीन पाहिली, बॅकअप पाहिले, मग माझ्या खुर्चीपाशी येऊन उभा राहिला. "गेलं गं," एवढंच म्हणाला. मी चिडले होते स्वतःवर आणि तोंडाला येईल ते बोलले त्याला. त्याची मला आजही लाज वाटते.

तिला सांगायला मीही गेले. ती स्वयंपाकघरात भाजी निवडत होती. त्याने सगळं सांगितलं, माझं नाव न घेता. मीच म्हटलं, "वहिनी, तपासलं मी होतं. चूक माझीही आहे."

तिने हात पुसले, वही ओढली आणि त्याच्यासाठी लिहिलं, 'वाचून झाल्यावर शेवटी मी तुझ्याशी बोलले होते. ऐकलंस ना?'

त्याने ऐकलं नव्हतं. कुणाचंही रेकॉर्डिंग उघडायचं नाही, हा नियम त्याने बायकोच्या बाबतीतही पाळला होता.

"काय बोललीस? लिही ना," तो म्हणाला.

तिने वहीचं पान उलटलं. मग लिहिलं, 'ते लिहायचं नव्हतं.'