अक्का पास झाल्या

शिंदखेड्याजवळच्या एका गावात एकटं राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची माहिती गोळा करणं, हे माझं पहिलं काम होतं. ज्यांना जमत नाही त्यांच्या घरी आमची संस्था रोज सकाळी एक बाई पाठवायची. अंघोळ, स्वयंपाक, औषधं ती बघायची. कोणाला पाठवायची ते माझ्या मोबाईलवरच्या फॉर्मवरून ठरणार होतं.

त्या दिवशीचं शेवटचं घर अक्कांचं होतं. अर्धांगानंतर त्यांचा उजवा हात लुळा पडला होता. मुलगा सुरतला. मी येणार म्हणून त्या घडीचं कोरं लुगडं नेसून खाटेवर ताठ बसल्या होत्या.

शेजारीण दारातूनच म्हणाली, "अक्का, तुले दखाले पाहुणी उनी का?"

"हा, आते नवरा दखा मनासाठे," अक्का म्हणाल्या. लग्नाच्या मुलीसारखं मी त्यांना बघायला आले, अशी थट्टा करून दोघी हसल्या. मला हसावं की नाही ते कळेना.

मी पुस्तकी मराठीत प्रश्न वाचले. स्वयंपाक कोण करतं?

"मीच करस. दुसरं कोन शे आठे?"

अंघोळ? "मीच." औषधं, बाकी सगळं? "बठ्ठं मीच करस, माय."

टोपलीतली भाकरी गरम होती. शेगडीवर मात्र धूळ होती. लुगड्याखालच्या परकराच्या काठाला जळल्याचं काळं भोक होतं. त्यांनी डाव्या हाताने मला पाणी दिलं, अर्धं माझ्या ओढणीवर सांडलं. शेजारीण खाली बघत होती.

संस्थेतल्या आमच्या ताईंनी बजावलं होतं, लोक सांगतात ते लिहू नकोस, दिसतं ते लिही. पण त्यांच्याच घरात बसून, त्यांनीच दिलेलं पाणी पिऊन, 'तुम्हाला जमत नाही' असं म्हणायला माझी जीभ रेटली नाही. पाचची बसही गाठायची होती. सगळीकडे 'स्वतः करतात' यावर खूण केली.

निघताना त्यांनी माझं मनगट धरलं. "माले पास करं ना? नापास व्हयनू तं पोऱ्या सुरतले ली जाई. माले नही जावानं."

तेव्हाच सांगायला हवं होतं, की इथे नापास होणाऱ्यालाच मदत मिळते. मी मान हलवली आणि चपला घातल्या.

मदत मिळणाऱ्यांच्या यादीत अक्का नव्हत्या.

दोन महिन्यांनी फेरतपासणीला गेले तर दाराला कुलूप. शेजारणीने ओट्यावर बसवलं. पंधरा दिवस ती माहेरी गेली होती, तेव्हा अक्कांनी शेगडी पेटवली. पदर पेटला. मुलगा आला, दवाखाना झाला आणि शेजारीण परतून तिथे पोचली त्याच दिवशी तो तिथूनच त्यांना सुरतला घेऊन गेला.

"भाकरी तुम्हीच करून द्यायच्या ना?" मी विचारलं.

"मंग कोन? तिनीच सांगेल व्हतं, पोरीसमोर गप ऱ्हाय. गाडीमा बसतांना पोऱ्याले सांगे, त्या पोरीनी माले पास करेल शे, इचार तिले."

मी मोबाईल काढला. फॉर्म बंद करण्याचं कारण द्यावं लागतं. तीनच पर्याय होते: मृत्यू, स्थलांतर, मदतीची गरज नाही. शेजारीण माझ्या बोटाकडे बघत होती. मी 'स्थलांतर'वर खूण केली.