पहिल्या बोंडाचा मान

उंद्रीत मनकर्णाबाईसारखी कापूस येचणारी दुसरी नाही, हे मी तिच्या तोंडावर कधी म्हणलं नाही. म्हणलं असतं तं डोक्यावर मिरे वाटले असते तिनं! पन सीतादहीचा मान तिचाच. येचणीच्या पहिल्या दिवशी कपाशीच्या झाडाखाली सात खडे मांडून पुजा करायची, दहीभात वावरात फेकायचा अन् पहिलं बोंड येचायचं. तिनं येचल्याबिगर आमी बाया कापसाले हात लावत नसतो.

ती नवी नवरी होऊन आली तवा देशी कपाशी होती. मंग बीटीचं बियाणं आलं, बोंडानं झाडं वाकली, वावराच्या मालकानं, उत्तमरावनं माडी बांधली. मंग गुलाबी अळी आली अन् सारी मस्ती उतरली. लोकं सोयाबीनवर गेले, पोरी पुण्याले कामाले गेल्या. येचाले बाई भेटेना. मनकर्णाबाई हटली नाही. गुडघे गेले, खाली बसली का दोघींनी धरून उठवा लागे, तरी पहिलं बोंड तिचंच.

यंदा उत्तमरावनं कापूस येचाले रोबोट आनला. दोन पाय, दोन हात, कमरेतून गर्रकन फिरे. ढेकळातून असा चाले, जसा याच शिवारात वाढला. कंपनीचे गणेश साहेब संगं होते. त्यायनं त्याले जोरात ढकललं. तो डगमगला, एक पाय मांगं टाकला अन् उभा! मंग त्याले मातीत निजवलं. त्यानं पाय पोटाखाली घेतले अन् जमिनीले हात न लावता टनकन उठला. साऱ्या बायायनं टाळ्या वाजवल्या.

मनकर्णाबाईनं नाही वाजवल्या. "खुर्शीदा, गुडघे पाह्यले काय मेल्याचे?"

"तुले जळाले काय झालं वं?" मी म्हणलं.

"जळू नाही तं काय नाचू?"

तेवढ्यात उत्तमराव आले. "मनकर्णाबाई, यंदा पहिलं बोंड यालेच येचू द्या. व्हिडिओ काढाचा हाये. तुमी पुजा करा अन् त्याले ओवाळा."

तिचं तोंड एवढंसं झालं. "आयत्या बिळावर नागोबा!" ती पुटपुटली. मलेबी राग आला, खोटं काऊन बोलू?

आमच्याकडं ट्रॅक्टर येवो का मोटरपंप, कुंकू लावल्याबिगर काम सुरू होत नाही. साहेबायनं रोबोटले वाकवलं. मनकर्णाबाईनं आंगठा ओल्या कुंकवात बुडवला अन् त्याच्या कपाळभर असं थापलं, का पोळ्याच्या बैलालेबी कोनी लावत नाही. मुद्दाम केलं काय? ते ती जाने अन् अल्ला जाने.

रोबोट दोन पावलं चालला, भलतीकडंच वळला अन् धाडकन कपाशीत आडवा झाला.

"अवं बाई, कपाळात कॅमेरा हाये त्याच्या!" साहेब ओरडले अन् रुमाल घेऊन धावले.

मनकर्णाबाई एवढी हासली, एवढी हासली, का पोट धरून पुजेपाशीच फतकल मारून बसली. उत्तमराव चिडून म्हणाले, "येचा बाई तुमीच! मुहूर्त चालला."

आता आली का पंचाईत? बोंड वरच्या फांदीले अन् बाई खाली. मी अन् आमच्यातलीच येचणारी राखी तिले उठवाले निंगालो, तं आमच्या आंधी तो पोहोचला. कपाळ पुसलेलं. गुडघे वाकवून तिच्याम्होरं बसला अन् हात पुढं केला.

"खाली बसलेल्याले हात द्याचं शिकवलं हाये त्याले," साहेब म्हणाले.

बाईनं त्या हाताकडं पाह्यलं, बोंडाकडं पाह्यलं. मले वाटलं, थुंकते आता. पन तिनं हात धरला. त्यानं तिले कुठं हिसका न देता, हळूच सरळ उभं केलं. आमच्या दोघींनाबी तसं कधी जमलं नाही.

तिनं बोंड येचलं, कपाळाले लावलं, ओटीत टाकलं. मान राह्यला. बाया येचाले लागल्या. ती मातर बोंडाच्या टोकायनं चिरलेला आपला पंजा पाहत माह्यापाशी उभी राह्यली.

"खुर्शीदा," ती म्हणाली अन् तिचे डोळे भरले, "मेल्याचा हात माह्याहून मऊ हाये वं."