कडकताई स्टुडिओ बघायला गेल्या

मोठ्या इस्पितळाच्या धुलाईखान्यात चौतीस वर्षं चादरी आणि डॉक्टरांचे कोट इस्त्री करणाऱ्या बाईंना सगळे कडकताई म्हणत. इस्त्री कडक म्हणून की स्वभाव कडक म्हणून, हे विचारायची छाती कुणाला झाली नव्हती. बाईंना एका जागी बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. जेवणाच्या सुट्टीतसुद्धा उभ्याउभ्या दोन घास पोटात ढकलायच्या आणि समोरच्याच्या बाहीवरची चुणी नखाने सरळ करत राहायच्या.

त्यांच्या जन्मात चैन म्हणावी अशी एकच गोष्ट झाली होती: सात जाडजूड पुस्तकं. मुलगा नऊ वर्षांचा असताना जिन्यावरून पडला आणि मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं. हाड नीट जुळेना. पुन्हा शस्त्रक्रिया, पुन्हा प्लास्टर, असे अकरा महिने गेले. नवरा जहाजावर, म्हणजे असून नसल्यासारखा. कडकताई कामावरून आल्या की चपला काढायच्या आधी पुस्तक हातात घ्यायच्या. सरोवराकाठी राहणारा एक मुलगा, सरोवराखाली एक राज्य, तिथली धुक्याची राणी, घोगऱ्या आवाजाचा द्वारपाल आणि पाहुण्यांना वाट दाखवणारा बोबडा बगळा. प्रत्येकाचा आवाज त्या वेगळा काढायच्या. बगळ्याचा आवाज तर असा, की शेजारीण भिंतीला कान लावून बसायची.

पुढे त्या पुस्तकांचे सिनेमे निघाले, आणि ज्या स्टुडिओत ते झाले तो लोकांना बघायला खुला झाला. “एकदा जायचंय,” हे कडकताईंचं पालुपद दहा वर्षं चाललं. त्या निवृत्त झाल्या तेव्हा लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या लेकाने दोन तिकिटं हातावर ठेवली. “दोघं जाऊ, आई.”

ठरल्या दिवशी सकाळी फोन आला. “आई, एका इमारतीत लिफ्ट अडकलीय. मला जावं लागेल. तू जाऊन ये ना.”

कडकताई एकट्याच गेल्या, पण तोंडाने काही न बोलता मनात खूप बोलत गेल्या.

आत वीसजणांचा घोळका आणि त्याला हाकणारी एक गाइड मुलगी. राज्याचा दरवाजा केवढा थोरला! कडकताईंनी बोटाच्या पेराने टकटक करून पाहिलं. प्लायवूड. सरोवर काचेसारख्या कुठल्याशा रसायनाचं, त्यावर धूळ. बगळा एका पेटीत उभा होता, पोटातल्या लोखंडी सळ्या दिसत होत्या. त्याला पाहताच त्यांच्या तोंडून नकळत निघालं, “या, या, पाय शांभाळून या!” शेजारच्या बाईने चमकून पाहिलं आणि आपली पर्स दुसऱ्या खांद्यावर घेतली.

गाइड जागची हलेना आणि कडकताईंचे पाय थांबेनात. त्या घोळक्याच्या पुढे जायच्या, कुणीतरी परत बोलवायचं. काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं, पण काय ते उमजेना.

कपडेपटाच्या दालनात राणीचा झगा होता. पाठीवर ही एवढी आडवी चुणी! कडकताईंचे हात शिवशिवायला लागले. कपडेपट सांभाळणारी बाई कोपऱ्यात दिसताच त्यांनी तिला गाठलं.

“अहो, ही चुणी बघितलीत का? ओलं फडकं टाकून हलका हात फिरवला तरी जाईल. मी देते करून.”

“घालवायची नाही ती, ताई,” बाई हसली. “राणीच्या शेवटच्या प्रसंगाला नटी तीन दिवस सिंहासनावर बसून होती. तेव्हाची चुणी आहे. एकाने न विचारता दुसरा एक झगा इस्त्री करून टाकला होता. अजून हळहळतो आम्ही.”

कडकताईंनी पुढे केलेला हात मागे घेतला. असं सहसा होत नसे.

पुढच्या दालनात गोष्टीतल्या मुलाची खोली होती. खिडकीपाशी पलंग, खिडकीबाहेर रंगवलेलं सरोवर. “आमच्या घरी अगदी अस्साच...” म्हणत त्या वळल्या, तर ऐकायला कुणीच नव्हतं. त्यांनी लेकाला फोन लावला.

“झालं का रे काम?”

“हो, चालू आहे.”

तेवढ्यात फोनमधून कुकरची शिट्टी आली.

“लिफ्टमध्ये स्वयंपाक करतोस होय?”

मग तो म्हणाला, “घरीच आहे, आई.”

अजून चार दालनं बाकी होती. कडकताईंनी ती बघितलीच नाहीत. दोन बस बदलून त्या लेकाच्या इमारतीशी आल्या. तिथे नेमकी लिफ्टच नव्हती. चार मजले चढून त्यांनी दार वाजवलं.

“खोटं का बोललास?” हे उंबऱ्यातूनच.

“आत तर ये. पाणी घे.”

“पाणी नको. सांग.”

लेक ओट्याला टेकून उभा राहिला. “मला जमत नाही तिथे यायला. त्या गोष्टीचं नाव निघालं तरी प्लास्टरच्या आत खाज सुटते. तू पलंग ओढून खिडकीपाशी लावला होतास ना? बाहेर सगळी पोरं खेळायची. मी दिवसभर ते बघायचो.”

“तुला करमावं म्हणून लावला होता रे! एकटीने ओढला, कंबर धरली होती माझी.”

“माहितेय. म्हणून तर बोललो नाही.”

“पण गोष्ट? गोष्ट तर आवडायची ना तुला?”

“बगळा आवडायचा,” तो म्हणाला. “बाकी... तू कामावरून यायचीस तेव्हा चेहरा पांढराफटक असायचा. वाचायला लागलीस की रंग यायचा. मला वाटायचं, आईसाठी ऐकावं.”

कडकताई स्वयंपाकघरात इकडून तिकडे फिरू लागल्या. दिवसभर उभं राहून पायांचे तुकडे पडलेले असताना, घसा बसलेला असताना आपण पोरासाठी वाचत होतो, आणि पोर आपल्यासाठी ऐकत होतं! हसावं की पाठीत धपाटा घालावा, त्यांना कळेना. शेवटी त्यांनी गॅस बंद केला, कारण भाजी करपत होती.

“आणखी काय काय नाही सांगितलंस?”

“आजच सगळं?”

“बरं. थोडं थोडं सांग.”

त्या दिवसापासून लेक रविवारी फोन करतो आणि एखादी जुनी गोष्ट सांगतो. कडकताईंना ते ऐकणं गोड लागतं असं नाही. परवा तो म्हणाला, शाळेत परतल्यावर ताठ पायामुळे मुलं त्याला ‘लाकडी’ म्हणून चिडवायची, आणि मधल्या सुट्टीत तो संडासात कडी लावून उभा असायचा. “दूध उतू जातंय,” असं काहीतरी म्हणून कडकताईंनी फोन ठेवला. दोन खोल्यांत चार फेऱ्या मारल्या. मग पुन्हा नंबर फिरवला.

“हं,” त्या म्हणाल्या, “किती दिवस चाललं हे?”