रक्त देईन, लपून नाही

ज्या हातांनी त्यानं माझे पाय धरले, त्याच हातांनी माझ्या थोबाडात मारली. मध्ये फक्त एक प्रश्न होता.

परळचं हॉस्पिटल. पुरुषांचा वॉर्ड. मी तिथं आया होते. खाटेवर शांताराम पडला होता, लालबागच्या एका गिरणीतला विणकर. मांडीत पोलिसांची गोळी. डोक्याशी बाटली टांगलेली, आणि त्या बाटलीतलं रक्त माझं होतं. तासाभरापूर्वीच माझ्या दंडातून काढलेलं.

त्याचा मोठा भाऊ गणपत धावतच आला. शर्टाला संयुक्त महाराष्ट्राचा बिल्ला, डोळे रडून सुजलेले. नर्सनं माझ्याकडे बोट केलं आणि म्हणाली, हिनं रक्त दिलं म्हणून जगला. तो गडी सरळ खाली वाकला आणि माझे पाय धरले.

"बाय माजे, तू माज्या भावाचो जीव वाचयलंस. खंयच्या गावची गो तू?"

मी संकोचून मागं सरले. म्हटलं, "नगरकडची. आम्ही ख्रिस्ती."

"किरिस्ताव? आणि त्याच्या आधी कोण?"

मला खोटं बोलता आलं असतं. सुचलंच नाही. पायाशी बसलेल्या माणसाशी खोटं कशाला बोलायचं?

"महार," मी म्हटलं.

तो उठला. फाडकन माझ्या तोंडात मारली. मी लोखंडी खाटेवर आपटले, ओठ फुटला. तोवर त्यानं भावाच्या दंडातली सुई उपसली होती. "महाराचा रगात! माज्या भावाक!" बाटली भिंतीवर फुटली. काचा, रक्त. माझं रक्त माझ्याच पांढऱ्या लुगड्यावर उडालं. शांताराम बेशुद्धीत कण्हत होता. त्याच्या दंडातून धार लागली होती. ती दाबून धरायला सगळ्यात आधी मीच धावले. तेव्हा गणपतनं लाथ घातली. बरगडीत.

बाहेर रस्त्यावर घोषणा चालू होत्या. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे. सगळे मराठी एक. आत वॉर्डात मी फरशीवरचं माझं रक्त पुसत होते. ते कामही माझंच होतं.

*

आम्ही नायगावच्या बीडीडी चाळीत राहायचो. बाप कॉटन ग्रीनच्या गोदामात कापसाच्या गाठी उचलायचा. गिरणीत विणायला आमच्या माणसाला घेत नसत. धागा तुटला की तो धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढायचा असतो, आणि आमच्या थुंकीनं धोटा विटाळतो. आजोबानं गावाकडे बाप्तिस्मा घेतला होता. वेशीबाहेरून सुटण्यासाठी घेतला की प्रभूसाठी, ते त्यालाच ठाऊक. आम्ही जन्मानं ख्रिस्ती. दर रविवारी ट्रामनं गिरगावात उपासनेला जायचो. देवानं आपल्यावर किती प्रीती केली याची गाणी मला लहानपणापासून पाठ होती. पाठ होती, एवढंच. दुपारच्या जेवणाआधी म्हणायची प्रार्थना असते ना, तशी.

गोळीबाराच्या दिवशी ती पाठ केलेली गाणी संपली.

सकाळपासून लालबाग-परळ पेटलं होतं. दगड, अश्रुधूर, मग गोळ्या. माणसं हातगाडीवरून येत होती, फळकुटावरून येत होती, एकाला त्याच्या बायकोनं पाठुंगळीला मारून आणला होता. कुणाचं पोट फाटलेलं. कुणाचा जबडाच नाही. जिन्यावर रक्तानं पाय घसरत होते. मी बादल्या ओतत होते आणि पाणी लालच राहत होतं. शांतारामला आणलं तेव्हा तो पांढरा पडला होता. आमच्या वॉर्डचे डॉक्टर दादरचे, तरुण होते. ओरडले, "याच्या गटाचं रक्त संपलंय. स्टाफमध्ये कुणाचं आहे?"

माझं होतं. पण एवढं सगळं रक्त बघून मी गर्भगळीत झाले होते. मला पळून जायचं होतं. खरं सांगते. तरी मी हात वर केला.

बाकावर आडवी झाले. सुई टोचली. माझ्या अंगातलं काहीतरी गरम गरम बाहेर जायला लागलं, एका अशा माणसासाठी, ज्याचं नावही मला ठाऊक नव्हतं. डोकं हलकं झालं. आणि तेव्हा, त्या किंकाळ्यांमध्ये, मला पहिल्यांदा कळलं. खिळ्यांवर लटकलेल्या त्या माणसाच्या अंगातून असंच गेलं असेल. थेंब थेंब. तोही नाव विचारत बसला नाही. जात विचारत बसला नाही. माझ्यासाठी, माझ्या गाठी उचलणाऱ्या बापासाठी, कुणी मागितलं नसताना त्यानं सगळं दिलं. हातचं राखून नाही. मी त्या बाकावर हमसून हमसून रडले. डॉक्टरला वाटलं दुखतंय.

मी मनात म्हटलं, प्रभू, आता कळलं. आता माझ्याकडून जे हवं ते घे.

तासाभरानं थोबाडीत बसली.

*

पुढच्या रविवारी उपासना झाल्यावर मंडळीतल्या वडिलांनी मला आणि बापाला थांबवून घेतलं. वडील म्हणजे मंडळीचे, आमच्या चर्चचे, पंच. त्यांचं घराणं मूळचं ब्राह्मण. पणजोबांनी धर्म घेतला होता. तीन पिढ्या उलटल्या, पण पुढचे बाक त्यांच्यासारख्यांचे आणि मागची सतरंजी आमची. तसं कुणी ठरवलं नव्हतं म्हणायचे. ठरवायची गरजही नव्हती.

आमचे डॉक्टर त्यांच्या ओळखीचे निघाले. सगळी हकीकत त्यांना कळली होती.

"मुली, फार छान केलंस," वडील म्हणाले. "मार खाल्लास, पण उलटून शब्द बोलली नाहीस. येत्या रविवारी मंडळीसमोर साक्ष दे. सोसणं म्हणजेच ख्रिस्ती प्रीती, हे लोकांना कळू दे."

माझा ओठ अजून सुजलेला होता. बरगडी श्वासागणिक दुखत होती. मी विचारलं, "त्यानं मारलं ते चूक होतं, हे पण सांगू का?"

वडील हसले. "ते कशाला? प्रभूनं तुम्हा लोकांना उकिरड्यावरून उचललं. त्याची परतफेड नम्रतेनं करायची असते."

तुम्हा लोकांना.

बापानं हात जोडले. "व्हय साहेब. तिला समजावतो."

आम्ही घरी निघालो. ट्रामच्या खिडकीतून बघत होते. दुकानांच्या काचा फुटलेल्या, भिंती काळ्या पडलेल्या. माझ्या डोक्यात एकच गोष्ट ठोके घालत होती. ज्यानं मला उचललं, त्यानं पुन्हा वाकवायला उचललं होतं का? ज्याला माझी एवढी किंमत वाटली की तो जिवानिशी गेला, त्याला मी लाथ खाऊन गप्प बसलेली आवडेल? त्या मरणाची परतफेड ही माणसं माझ्या मानेकडून मागत होती. त्यानं मात्र कधी मागितली नव्हती. त्याला मी हवी होते. सगळी. मानेसकट.

बाप म्हणाला, "गप ऱ्हा. त्यांच्या वशिल्यानं तुला नोकरी लागली."

मी म्हटलं, "बाबा, आजोबा वेशीबाहेरून सुटले ना? मग ही सतरंजी कसली?"



*

त्याच आठवड्यात शांतारामचा पाय सडला. कापावा लागणार होता. पुन्हा रक्त हवं. पुन्हा त्याच गटाचं.

डॉक्टर मला औषधांच्या खोलीत घेऊन गेले. दार लोटलं. "तू देशील हे मला माहीत आहे. इथंच काढू. त्यांना सांगू, रक्तपेढीतून आणलं. मागच्या वेळी तू सांगायलाच नको होतंस."

माणूस वाईट नव्हता. त्याला रोगी जगवायचा होता. पण ते 'इथंच' ऐकलं आणि माझं डोकं तापलं. म्हणजे माझं रक्त चालतं, पण चोरीचा माल असल्यासारखं. अंधारात काढायचं, मागच्या दारानं न्यायचं.

"देईन," मी म्हटलं. "पण त्याच्या खाटेशेजारी झोपून देईन. सगळ्यांसमोर."

"अगं, आणि त्यांनी नको म्हटलं तर? तो मरेल."

या प्रश्नानं मला चिरलं. देवाची प्रीती अटी घालत नाही. मग मी अट घालते आहे का? माझ्या मानासाठी एक माणूस मारते आहे का? तिथंच भिंतीला डोकं टेकून मी प्रार्थना केली. शब्द नव्हते. नुसता राग होता, तोच त्याच्यासमोर ठेवला. मग म्हटलं, "डॉक्टर, मी नको म्हणणार नाही. कसलीच अट नाही माझी. त्यांनी नको म्हटलं तर पुढचं तुम्ही ठरवा, माझा दंड आहेच, हवं तितकं काढा. पण आधी त्याला विचारा. जीव त्याचा आहे. खरं ऐकायचा हक्क त्यालाही आहे. आणि सांगायचा मला."

 मग त्यांनी दार उघडलं.

शांताराम शुद्धीवर होता. तापानं फणफणलेला. पायाला घाण वास सुटला होता. गणपत उशाशी बसला होता. मला बघताच उठला.

मी त्याच्याकडे बघितलंच नाही. खाटेजवळ गेले आणि शांतारामला म्हटलं, "मी महाराची. ख्रिस्ती. मागच्या वेळचं रक्त माझं होतं, तुला कुणी सांगितलं नसेल. आज पण माझंच आहे. तुझ्या तोंडानं सांग, हवं की नको."

"थोबाड फोडीन!" गणपतनं हात उगारला.

या खेपेला मी तो धरला. मनगट. जन्मभर गोधड्या पिळलेले, बादल्या उचललेले हात आहेत माझे. नखं रुतवली. रक्त निघेपर्यंत रुतवली. तो दुसऱ्या हातानं माझे केस ओढत होता, मी सोडलं नाही. तोंडाजवळ तोंड नेऊन म्हटलं, "आता मारलंस तर हात मोडीन. हाच मोडीन. आणि तुझ्या भावाला रक्त पण देईन. दोन्ही करीन."

 गोळ्या लागलेली माणसं उशीवरून माना वर करून बघत होती. एका कोपऱ्यातून त्यांच्याच गावचा एक म्हातारा बोलला, "गणपत, आपणाक पोलिसांनी मारल्यान. तू तिका कित्याक मारतंस?"

गणपतचा हात ढिला पडला.

शांतारामनं आधी भावाकडे बघितलं. मग छताकडे.  मग त्यानं आपला दंड पुढं केला.

माझ्याकडे त्यानं बघितलं नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही. शेजारच्या खाटेवर मी आडवी झाले. सुई टोचली. तेच गरम गरम बाहेर जायला लागलं. या वेळी मी रडले नाही. डोळे सताड उघडे ठेवून पडले. मनात म्हणत होते, प्रभू, हे घे. यात माझा राग आहे, तोही घे. गाळून देणार नाही.

पाय गेला. जीव राहिला. पुढं महिन्याभरानं दोघं भाऊ गावाला गेले. मागाहून वॉर्डातल्या त्याच म्हाताऱ्याकडून कळलं, गावात शांतारामला गोमूत्र पाजून शुद्ध करून घेतलं म्हणे. ऐकून मला हसू आलं. गोमूत्रानं माझं रक्त कुठं निघणार होतं? ते त्याच्या काळजातून फिरत होतं.

*

पाय कापला त्याच आठवड्याच्या रविवारी साक्षीची वेळ आली. वडिलांनी हाक मारली. मी सतरंजीवरून उठले, पुढं गेले आणि सगळं सांगितलं. थप्पड सांगितली, लाथ सांगितली. मनगट धरलं तेही सांगितलं. मग म्हटलं, "गणपत हिंदू आहे, त्याला माझी जात विचारावी लागली. इथं विचारावी लागत नाही. इथं सतरंजी सांगते."

पुढच्या बाकांवर कुजबुज झाली. वडील उभे राहिले. "हात मोडण्याची भाषा! ही ख्रिस्ती प्रीती?"

"हो," मी म्हटलं. "हीच. मी त्याला मरू दिलं नाही आणि मला तुडवू दिलं नाही."

"खाली बस, नाहीतर मंडळीतून नाव काढावं लागेल."

बाप मागून उठला. मला वाटलं, माझ्या बाजूनं बोलेल. तो वडिलांपुढं हात जोडून उभा राहिला आणि माफी मागायला लागला. माझ्यासाठी. त्याची वाकलेली पाठ बघून माझ्या अंगाची आग झाली. मी जाऊन त्याचे जोडलेले हात सोडवले. तो पुन्हा जोडायला बघत होता. मी सोडवले.

"काढा नाव," मी वडिलांना म्हटलं. "बाप्तिस्मा तुमच्या हातचा असेल. बोलावणं तुमचं नव्हतं."

आणि जाऊन पहिल्या बाकावर बसले. शेजारच्या बाईनं पदर सावरून अंग चोरलं. मी तशीच बसले. पाळकांनी, आमच्या पाद्रींनी, गाणं सुरू केलं, तेव्हा मी सगळ्यांत मोठ्यानं गायले. आवाज फाटत होता. फाटू दे म्हटलं.

मंडळीनं नाव काढलं. मी रविवार चुकवला नाही. दर रविवारी तोच बाक. दोनदा मला दंडाला धरून बाहेर काढलं, तिसऱ्यांदा कुणी पुढं आलं नाही. बापानं वर्षभर अबोला धरला. हॉस्पिटलात रक्ताची गरज लागली की मी हात वर करते. आधी नाव सांगते, जात सांगते, मग दंड पुढं करते. शिव्या येतात. रोगी नको म्हणतात. मी परत विचारते.

ज्यानं माझ्यावर प्रीती केली, त्यानं स्वतःचं काही राखून ठेवलं नाही. मीही राखणार नाही. रक्त राखणार नाही. आवाज तर मुळीच राखणार नाही.