झकार भावोजींची पहिली शिकार

निम्मे मासे चिरून झाले होते, तेवढ्यात धाकटे दीर झकार होडी घेऊन आले. पन्नाशीत पहिल्यांदाच त्यांनी मूस हरीण मारलं. नऊ दिवस कुस्कोक्विम नदी पालथी घातली आणि हिवाळ्यात घर गरम ठेवायच्या तेलाचे पैसे पेट्रोलात गेले.

“एक मांडी तरी ठेवूया, भावोजी.”

“वहिनी, पहिली शिकार घरात ठेवली तर दुसरी मिळत नाही. सगळी म्हाताऱ्यांना वाटायची.”

“आणि आपण काय, शिंगं उकळायची?”

ते कसनुसं हसले. रीत मोडा म्हणायला माझीही जीभ रेटेना. प्रभूचं नाव घेऊन वाटायला निघालो. सातव्या घरी मांस संपलं. उद्या भावोजींना घर गरम ठेवायला, जुन्या चुलीसाठी नदीकाठची लाकडं आणायची आहेत.