अण्णा आणि गार हात

माझे वडील, अण्णा, म्हणजे मूर्तिमंत हट्ट. पाय गेले, हट्ट शाबूत राहिला.

उभा जन्म त्यांनी स्वतःच्या सलूनमध्ये लोकांच्या दाढ्या करण्यात काढला. आता त्यांना पलंगावरून खुर्चीत ठेवणं माझ्याकडे. माझी कंबर धरली तेव्हा डॉक्टरांनी दम भरला, वजन उचललंत तर तुम्हीही अंथरुणाला खिळाल. म्हणून उचलून ठेवणारा रोबो आणला. तो चालला नाही तर वृद्धाश्रम. भावानं तिथं जागाही पाहून ठेवली. पाहून ठेवण्यापुरता त्याचा उत्साह दांडगा.

रोबो अदबीनं विचारायचा, "उचलू का आपल्याला?" त्याचे रबरी हात पुढे आले की अण्णा भिंतीकडे तोंड फिरवायचे. मी समजावलं, विनवण्या केल्या, अबोला धरला. ढिम्म हलले नाहीत. पुन्हा मीच उचलायचं आणि मीच कण्हायचं.

शेवटी माझा तोल गेला. "मग जा आश्रमात. माझ्याच्यानं आता होत नाही."

अण्णांनी भिंतीकडचं तोंड माझ्याकडे वळवलं. मग म्हणाले, "दाढीला बसवलेल्या माणसाला गार हात लावायचा नाही. आधी हात गरम पाण्यात बुडवायचे. याला कोणी शिकवलं नाही वाटतं."

मी कपाळावर हात मारला. एवढ्याशा गोष्टीसाठी माझी कंबर मोडायची वेळ आणली. तोंड उघडायला काय झालं होतं?

गरम पाण्याच्या पिशवीनं रोबोचे दोन्ही हात शेकले. अण्णांनी ते तळव्यानं चाचपून पाहिले आणि म्हणाले, "हं, घे." त्यानं त्यांना अलगद उचलून खुर्चीत ठेवलं. माझा जीव भांड्यात पडला.

"पटलं ना आता?"

"पटलं. तुझे हात तर याच्याहून गार असतात."

मी स्वतःच्या हातांकडे पाहिलं. त्यांची हाक आली की भांडी अर्धवट टाकून, ओले हात पदराला पुसत धावायचे मी. इतकी वर्षं.

"मग कधी बोलला का नाहीत?"

"गिऱ्हाईक असतो तर बोललो असतो," अण्णा म्हणाले. "तू दमलेली असायचीस."

मला रडू फुटलं, आणि रागही तेवढाच आला. इतकं सोसून बसलेल्या माणसाशी भांडायचं तरी कसं? तेवढ्यात रोबोनं विचारलं, "आणखी काही मदत हवी का?"

"तू गप्प बस," मी म्हटलं, आणि गरम पाण्याचा नळ सोडला.